विकास फाट्यापर्यंत आला, घरापर्यंत कसा येईल?

जूनअखेर शाळा उघडली तेव्हा नववीच्या वर्गात आम्ही एक साधा प्रश्न विचारला. "तुमच्या घरी कमावते कोण आणि काम काय करतात?" भराभर हात वर झाले. कुणाचे अब्बा ऑटो चालवतात, कुणाचे फळांची हातगाडी लावतात. कुणाचे मामू गवंडी, कुणाचे चाचा वेल्डर. गॅरेज, चिकनचे दुकान, ट्रकवरची क्लिनरी, जिनिंगमधली हमाली, शेतमजुरी. एका मुलीची अम्मी घरी शिलाई करते आणि हंगामात कापूस वेचायला जाते.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. "नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कुणाच्या घरचे कामाला जातात?" आता मोजकेच हात वर आले, आणि तेही ठेकेदाराकडे माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाचे. मागच्या बाकावरच्या एका मुलाने उलट आम्हालाच विचारले, "सर, त्या गेटच्या आत असते काय?"

त्याला काय सांगावे, हे त्या दिवशी आम्हाला नीट सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

चारही अंगांना काय चालले आहे

आमचे वलगाव अमरावतीपासून दहा-बारा किलोमीटरवर, पेढी नदीच्या काठी. परतवाडा-चिखलदऱ्याकडे जाणारी गाडी इथूनच जाते, दर्यापूर आणि चांदूरबाजारकडचे रस्तेही इथूनच फुटतात. संत गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी इथेच, पेढीच्या पुलाजवळ देह ठेवला, म्हणून महाराष्ट्रभर गावाचे नाव माहीत आहे. भाकरी हातावर घेऊन खा, घरातली भांडी विकावी लागली तरी विका, पण पोरांना शाळेत घाला, असे ते बाबा गावोगाव सांगत फिरले. लेखाच्या शेवटी त्यांच्या या सांगण्याकडे पुन्हा यावे लागेल.

वीस वर्षांपूर्वी शहरातून वलगावला येताना जुने कॉटन मार्केट मागे पडले की थोड्याच वेळात शेते लागत. आता वलगाव रोड म्हटले की वस्ती, शाळा, दवाखाने, गोदामे, शोरूम आणि ले-आउटचे फलक डोळ्यांपुढे येतात. शहर आमच्याकडे सरकत आले आहे.

शहराच्या दुसऱ्या अंगाला नांदगाव पेठ आहे. तिथल्या औद्योगिक क्षेत्रात १३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे, प्रत्येकी २७० मेगावॅटचे पाच संच. अप्पर वर्धा धरणाचे पाणी त्याला देण्यावरून शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्याच परिसरात रेमंडसारख्या कंपन्यांचे कापड कारखाने आले. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशात सात मोठे वस्त्रोद्योग पार्क जाहीर केले, 'पीएम मित्र' या नावाने. तमिळनाडू, तेलंगणा, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश यांच्याबरोबर महाराष्ट्राचा पार्क अमरावतीला मिळाला. सुमारे एक हजार एकरांच्या या पार्कची पायाभरणी पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातून केली. शेतातला कापूस, त्याचा धागा, कापड, तयार कपडे आणि परदेशी विक्री, हे सगळे एकाच ठिकाणी जोडायचे अशी त्यामागची कल्पना आहे.

दक्षिणेला बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडियाने वैमानिकांची प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. बडनेऱ्याला रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातील धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून जातो आणि ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आहे. अमरावती-अकोला मार्गावर तर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर टाकण्याचा जागतिक विक्रम झाला. ज्या रस्त्याच्या खड्ड्यांना आम्ही वर्षानुवर्षे नावे ठेवली, त्याच रस्त्याचे नाव गिनीज बुकात गेले.

एवढे सगळे तासाभराच्या टप्प्यात चालले आहे आणि आमच्या वर्गातल्या मुलाला गेटच्या आत काय असते, हे माहीत नाही. आमच्या मते इथला खरा प्रश्न हाच आहे.

कापसाचे हे पहिले दिवस नव्हेत

वऱ्हाडात पैसा येण्याची ही पहिली वेळ नाही. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी घेतला, त्यामागे इथल्या काळ्या जमिनीतल्या कापसाचे मोठे कारण होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे धाव घेतली. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरला पोहोचली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या भागाच्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. हे नाव आपल्या उमरावतीचेच, म्हणजे अमरावतीचे.

त्या तेजीत पैसा कुणी केला? अडते, दलाल, सावकार आणि निर्यात करणाऱ्या कंपन्यांनी. अचलपूर, बाळापूरकडे पिढ्यान्पिढ्या माग चालवणारे विणकर होते, त्यांत मुसलमान विणकरही पुष्कळ. गाठी बांधून कापूस बाहेर गेला, गिरणीचे स्वस्त कापड परत आले आणि माग थांबले. ज्याच्या बोटांत कापडाची कला होती, तोच मजूर झाला. गावात रेल्वे आली, पण विणकराच्या घरात बरकत आली नाही.

पुढे गिरण्या इथेच निघाल्या. बडनेऱ्याची विजय मिल, अकोल्याची सावतराम मिल यांच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत. त्या बंद पडल्या. मुंबईची फिनले मिल अचलपूरला नव्याने उभारली, तेव्हा परतवाड्याच्या घराघरांत आनंद झाला होता. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तीही थांबली आणि कामगार घरी बसले.

हा इतिहास आम्ही निराशेसाठी सांगत नाही. त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पायाभरणी झाली म्हणजे कारखाना सुरू झाला असे नाही, आणि कारखाना सुरू झाला म्हणजे तो कायम राहील असेही नाही. म्हणून घरातल्या मुलाची सगळी भिस्त एखाद्या कंपनीवर ठेवण्यापेक्षा त्याच्या हुनरवर ठेवावी. गिरणी बंद पडली तरी चांगला फिटर उपाशी राहत नाही. तो नागपूरला जातो, पुण्याला जातो, आखाती देशातही जातो.

एका शर्टात आपला वाटा किती?

वर्गात आम्ही फळ्यावर एक हिशेब मांडला, तो इथेही मांडतो. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. कताई, विणाई आणि कापणीतली घट वजा केली तर त्या रुईतून ढोबळमानाने शंभर शर्ट होतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे हमीभाव पुरा मिळाला तरी एका शर्टामागे शेतकऱ्याच्या हाती ८० रुपयांच्या आसपास येतात, आणि सरकीची किंमतही त्यातच धरलेली आहे. बाजारात भाव पडला तर तेवढेही नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढले, तेव्हा शेतकरी का चिडले, हे या हिशेबावरून मुलांना लगेच समजले.

हाच शर्ट दुकानात सहाशे-आठशेला मिळतो. मधले पैसे कुठे जातात? सूत काढणारा, विणणारा, रंगवणारा, शिवणारा, बटण-काज करणारा, तपासणारा, पॅकिंग करणारा, वाहतूक करणारा, दुकानदार आणि नाव विकणारी कंपनी. त्यातली पुष्कळ कामे आजवर वऱ्हाडाबाहेर होत होती. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणाने राज्यातल्या कापसावर राज्यातच होणारी प्रक्रिया ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि विदर्भाला जास्त सवलती दिल्या आहेत. हे निम्मे जरी घडले, तरी शर्टातला मधला पैसा आपल्या जिल्ह्यात फिरू लागेल.

पण तो फिरेल त्याच्याच हातात, जो त्या मधल्या कामांपैकी एखादे नीट जाणतो. आज आपली बरीच घरे या साखळीच्या दोन टोकांना आहेत. एका टोकाला कापूस वेचणारी अम्मी, दुसऱ्या टोकाला आठवडी बाजारात रेडिमेड कपडे विकणारे अब्बा. मधली सगळी जागा मोकळी आहे.

हातात हुनर, खिशात कागद नाही

आमचा एक जुना विद्यार्थी फाट्याजवळच्या गॅरेजात काम करतो. आठवीनंतर शाळा सुटली. ट्रकचे इंजिन तो आवाजावरून ओळखतो. मागे एका कारखान्यात देखभालीच्या कामाला माणसे हवी होती. तो गेला आणि गेटवरूनच परत आला. संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसला. "सर, इंजिन तर मी डोळे मिटून खोलतो, पन सर्टिफिकेट कोठून आनू? आन् त्यायनं अर्ज लिवायले सांगतला, तो बी जमला नाही."

त्याचे दुसरे वाक्य आम्हाला जास्त लागले, कारण त्याला मराठी आम्हीच शिकवली होती. आमची मुले घरी उर्दू बोलतात, रस्त्यावर झकास वऱ्हाडी बोलतात, पण साधा अर्ज लिहिताना अडतात. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलाला आयटीआयचे पुस्तक, यंत्रावरची सूचना, पगाराची चिठ्ठी यांतले मराठी-इंग्रजी शब्द परके वाटतात. यात उर्दूचा काही दोष नाही, ती आपली मातृभाषा आहे आणि राहील. दोष आमचा, शिक्षकांचा आहे. आम्ही मराठी फक्त परीक्षेपुरती शिकवली. या वर्षीपासून आम्ही नववी-दहावीला दर शुक्रवारी एक अर्ज, एक बायोडाटा किंवा एक तक्रारपत्र लिहून घेतो. पालकांनीही घरी विजेचे बिल, बँकेचे पासबुक, रेशनकार्ड मुलांकडून वाचून घ्यावे.

कागदाचे म्हणाल तर मार्ग आहेत. दहावीनंतर आयटीआयचे प्रवेश दरवर्षी ऑनलाइन होतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, डिझेल मेकॅनिक हे ट्रेड सर्वांना माहीत आहेत. पण कताई, विणाई, कापड रंगाई आणि शिवणकाम यांचेही ट्रेड देशात शिकवले जातात, हे फार थोड्या घरांना ठाऊक आहे. जवळपास ते कुठे आहेत, याची चौकशी प्रवेशाच्या आधीच करावी. दहावीत नापास झालेल्या मुलालाही वायरमन, वेल्डर अशा काही ट्रेडना प्रवेश मिळतो. "नापास झाला, आता ऑटो घेऊन देऊ" हा निर्णय करण्याआधी एवढे विचारून घ्या. तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ठरावीक संख्येने शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना दरमहा विद्यावेतनही मिळते. जे आधीच काम जाणतात, त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनांमध्ये ठेवली आहे. आमच्या गॅरेजवाल्या विद्यार्थ्याची धडपड आता त्यासाठीच चालली आहे.

काम मिळाल्यावरही डोळे उघडे ठेवावेत. ठेकेदाराकडे लागलेली आमची बरीच मुले रोजी हातात घेतात आणि खूश होतात. नियुक्तिपत्र नाही, पगारपत्रक नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. त्याचा बारा अंकी यूएएन क्रमांक मागून घ्यावा आणि पैसे भरले जातात का, हे मोबाइलवर पाहावे. राज्य विमा योजनेचे, म्हणजे ईएसआयसीचे कार्ड असेल तर घरच्यांच्या औषधोपचाराचीही सोय होते. हे मागणे म्हणजे भांडण नव्हे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हक्काची मजुरी कोणती, हे माहीत करून घेणे मजुराचेही काम आहे.

मुलींचे काय?

हा प्रश्न पालकसभेत मोठ्याने कुणी विचारत नाही. सभा संपल्यावर एखादी आई दाराशी थांबते आणि हळूच विचारते. गेल्या वर्षी एका मुलीच्या आईने विचारले, "सर, बारावी झाली. ती म्हणते, कपड्याच्या कारखान्यात शिकायला जाते. तिचे अब्बा नाही म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना."

आम्ही लगेच सांगायला गेलो नाही. आधी तिच्या वडिलांना विचारले की काळजी नेमकी कशाची आहे. जाण्या-येण्याची, संध्याकाळी उशीर होण्याची, तिथल्या माणसांची आणि मोहल्ल्यातल्या बोलण्याची. पहिल्या तीन काळज्या खऱ्या आहेत आणि त्यांची उत्तरे मिळवता येतात. कंपनीची गाडी कुठून कुठपर्यंत आहे? पाळी कितीची? महिलांसाठी वेगळी स्वच्छतागृहे आहेत का? तक्रार समिती आहे का? नमाजाला दहा मिनिटे मिळतात का? आम्ही त्यांना म्हटले, "भाई, नाही म्हणायचे तर म्हणा, पण एकदा स्वतः जाऊन पाहून मग म्हणा." ते बीबींना घेऊन गेले. शिलाई विभागात निम्म्याहून जास्त बायाच होत्या, ओढण्या-स्कार्फ बांधलेल्याही होत्या. मुलगी आता शिकायला जाते. चौथ्या काळजीचे, म्हणजे लोकांच्या बोलण्याचे, उत्तर तिच्या पहिल्या पगारातून घरी आलेल्या पिठाच्या चक्कीने दिले.

सगळ्याच मुलींनी कारखान्यात जावे असे आमचे म्हणणे नाही. घरी बसून शिलाई करणाऱ्या कितीतरी भगिनी या गावात आहेत. एकेकटीला पीको-फॉलचे चार पैसे मिळतात. पाच-दहा जणींनी बचत गट केला, दोन चांगल्या इलेक्ट्रिक मशिनी घेतल्या आणि शाळेच्या गणवेशांचे किंवा कारखान्याच्या सुट्या कामाचे ऑर्डर घेतले, तर हिशेब बदलतो. हजरत खदीजा रजि. यांचा व्यापार मक्केपासून शामपर्यंत चालत होता, हे आपण मुलींना सांगतो. मग त्यांना जमाखर्चाची वहीही शिकवावी.

रस्त्यालगतची जमीन आणि बहिणीचा हिस्सा

विकास आला की सर्वांत आधी जमिनीचा भाव वाढतो. वलगाव रोडवर हे आपण डोळ्यांनी पाहिले. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी घाईने एकर विकले, त्यांची मुले आज त्याच जमिनीवरच्या ले-आउटमध्ये प्लॉटचे हप्ते भरताना दिसतात.

इथे दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. पहिली घेणाऱ्यांसाठी. बाँडपेपरवर प्लॉट घेऊ नका. सातबारा कुणाच्या नावावर आहे, जमीन एनए झाली आहे का, ले-आउट मंजूर आहे का आणि रस्ता नकाशात आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्या आणि नोंदणीकृत खरेदीखतच करा. आखातात पंधरा वर्षे घाम गाळून आणलेले पैसे अशा एका कागदाच्या तुकड्यात बुडालेले आम्ही पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट विकणाऱ्यांसाठी, आणि ती जास्त अवघड आहे. जमीन कोरडवाहू होती तोवर बहिणीचा हिस्सा कुणाला आठवत नव्हता. रस्ता झाला, भाव आला, आणि भाऊ मिठाईचा डबा व हक्कसोडपत्र घेऊन बहिणीच्या दारी जाऊ लागले. बहीण सही करते. न करून जाईल कुठे? माहेर तुटेल ही भीती असते. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आईने अशी सही केली. सहा महिन्यांनी त्याच मुलाच्या फीसाठी तिला कानातले मोडावे लागले आणि भावाच्या दारात नवी चारचाकी उभी होती.

कुरआन शरीफच्या सूरह निसामध्ये आई-वडिलांच्या मालमत्तेत मुलींचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो भावाची मेहरबानी नाही. बहिणीला खरोखर नको असेल तर आधी तिचा हिस्सा तिच्या हातात द्यावा, तिच्या नावे बँकेत टाकावा आणि मग विचारावे. तेव्हा ती काय म्हणते, ते खरे. एकाच घरातल्या बहिणीपर्यंत जो विकास पोहोचत नाही, तो सरकारने आपल्यापर्यंत पोहोचवावा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आपला धंदा, थोडा मोठा

आपल्यात नोकरदारांपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त आहेत. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही हेच नोंदवले होते. यात कमीपणा नाही. एमआयडीसी वाढली की तिथे हजारो माणसांना जेवण लागते, बस लागते, वेल्डिंग लागते, वायरिंग, प्लंबिंग, टायर, गणवेश, खोक्यांचे पॅकिंग लागते. ही कामे आपली मुले आजही करतात. अडते ते बिलावर. कंपनी पक्के बिल मागते, बँक खाते आणि नोंदणी मागते, आणि आपला कारागीर म्हणतो, "रोख द्या."

उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. आधार आणि पॅन पुरते. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक आणि महिला अर्जदारांना ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत, शहरी भागात २५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के, अशी रचना ठेवलेली आहे. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही आहे. अर्ज करण्याआधी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात प्रत्यक्ष जाऊन विचारावेत.

कर्जावरच्या व्याजाचा प्रश्न अनेक घरांत अडतो, ते आम्ही जाणतो. त्याबद्दल प्रत्येकाने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण सूद नको म्हणून धंदाच नको, असे होऊ नये. भागीदारीत एकाचा पैसा आणि दुसऱ्याची मेहनत, नफा-नुकसान ठरल्याप्रमाणे वाटून, हा मार्ग आपल्या परंपरेत जुनाच आहे. आपल्या मोहल्ल्यात भिशी तर दर महिन्याला फुटते. भिशीचा नंबर लागला की शादीचा मंडप मोठा होतो. त्यातला एखादा नंबर लेथ मशीनसाठी लागला तर? आणि जकातीची थोडी रक्कम हकदार मुलाच्या आयटीआयची फी आणि बसपास यांसाठी गेली, तर दोन-तीन वर्षांत तोच मुलगा जकात देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहू शकतो.

गेटच्या आत

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाकडे येऊ. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही परवानगी काढून नववीच्या मुला-मुलींना एक सूतगिरणी दाखवायला नेले. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज. मग दिसले की एवढ्या मोठ्या दालनात माणसे थोडी आणि यंत्रे जास्त. पिंजलेला कापूस आधी जाड पेळूसारखा येतो, मग बारीक होत होत चात्यांवर धागा चढतो. एके ठिकाणी धागा तुटला की दिवा लागतो आणि एक मुलगी झटकन जाऊन जोडते. यंत्र बंद पडले तर मात्र निळ्या कपड्यातला एक माणूस येतो आणि सगळे त्याच्याकडे पाहतात.

परत येताना तो मुलगा बसमध्ये आमच्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "सर, तो निळ्या कपड्यातला माणूस काय शिकलाय?" आम्ही विचारून घेतले होते. दहावी, आयटीआय फिटर, मग शिकाऊ उमेदवारी. तो बराच वेळ गप्प बसला. बस पेढीच्या पुलावर आली तेव्हा त्याने विचारले, "आयटीआयची फी किती असते?"

गाडगेबाबांचे सांगणे आम्हाला तिथे पुन्हा आठवले. भांडी विकायची वेळ येऊ नये, पण त्या प्रश्नाचे उत्तर घराघरांत तयार असावे. दहावीचा निकाल लागण्याआधी, ऑटोचा हप्ता ठरण्याआधी, मुलाला शेजारी बसवून त्याचे अब्बा आणि अम्मी दोघांनी मिळून त्याच्याशी बोलावे. मुलीशीही बोलावे. काही अडले तर जवळच्या शाळेत या. कोणत्याही शाळेत एखादा शिक्षक उशिरापर्यंत थांबलेला असतोच.